सॅन स्टॉर्म आणि डीसी अवंती : भारतीय बनावटीच्या दोन स्पोर्ट्‌स मोटारींचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील यंत्रसंस्कृतीचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणून मोटारीकडे पाहिले जाते. मालवाहू मोटार, प्रवासी मोटार आणि कुटुंबाची मोटार ही गरजेतून निर्माण झालेली वाहने होत. स्पोर्ट्‌स मोटार मात्र गरजेपेक्षा हौसेतून, आणि त्याहीपेक्षा यंत्रविद्येवरील आत्मविश्वासातून जन्माला येते. त्यामुळे एखाद्या देशात अशी मोटार कोणी, केव्हा आणि कोणत्या सामग्रीतून घडविली, या प्रश्नाच्या उत्तरातून त्या देशाच्या औद्योगिक घडणीविषयी बरेच काही कळू शकते.

‘आपल्या देशात क्षेपणास्त्रे बनतात, उपग्रह बनतात, मग स्पोर्ट्‌स मोटार का बनत नाही?’ हा प्रश्न वर्गात विद्यार्थी वारंवार विचारतात. प्रश्न साधा वाटला तरी त्यात एक चुकीची समजूत दडलेली आहे. अशा मोटारी भारतात बनल्या, रस्त्यावर धावल्या आणि त्यांतील दोन तर आपल्या परिसरातच, म्हणजे गोवा आणि महाराष्ट्र येथे बनल्या. १९९८ साली आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही गोव्यातील आणि २०१२ साली प्रथम प्रदर्शित होऊन २०१५ च्या सुमारास ग्राहकांच्या हाती पडलेली ‘डीसी अवंती’ ही पुण्याजवळची. आज यांपैकी कोणतीही मोटार नव्याने विकत मिळत नाही. तेव्हा ‘का बनत नाही’ यापेक्षा ‘बनल्या त्या का टिकल्या नाहीत’ हा प्रश्न अधिक योग्य ठरतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची दिशा व निकष :

दोन मोटारींची तुलना सामान्यतः वेग, शक्ती व किंमत या तीन अंगांनी केली जाते. ही अंगे महत्त्वाची असली तरी त्यांवरून यंत्राच्या आयुष्याचा अंदाज येत नाही. त्यासाठी वेगळा निकष आवश्यक आहे आणि तो शोधण्यासाठी वर्ध्यातील अभ्यासकाला फार दूर जाण्याचे कारण नाही.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या स्पर्धेच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र भारतात तयार करता यावे, खेड्यातील घरात एका स्त्रीला ते फारसे न थकता ८ तास चालविता यावे, त्याची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, ते २० वर्षे टिकावे आणि त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे त्यांचे स्वरूप होते. किर्लोस्करवाडीहून या स्पर्धेसाठी एक यंत्र तयार झाले होते. परंतु पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. पुढे १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९३८ साली मगन संग्रहालय उभे राहिले. यंत्राचा विचार त्याच्या वापरकर्त्यापासून सुरू करावा, ही दृष्टी या संस्थांच्या कार्यातून या भूमीत रुजली.

चरखा आणि स्पोर्ट्‌स मोटार यांना एका ओळीत बसविणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. एक गरिबाच्या घरातील साधन, तर दुसरे श्रीमंताच्या हौसेची वस्तू. परंतु येथे तुलना दोन यंत्रांची नसून यंत्राला विचारावयाच्या प्रश्नांची आहे. किमतीची अट बाजूला ठेवली तरी तीन प्रश्न शिल्लक राहतात. ते यंत्र येथे कितपत तयार होते? ते किती वर्षे चालेल? आणि बिघडल्यास ते कोण, कोठे, किती खर्चात दुरुस्त करील? याच तीन प्रश्नांच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

स्पोर्ट्‌स मोटार : संकल्पना

स्पोर्ट्‌स मोटारीची सर्वमान्य काटेकोर व्याख्या उपलब्ध नाही. तथापि काही लक्षणे सांगता येतात. बहुधा दोनच आसने, जमिनीलगतची ठेवण, कमी वजन, वळणावर न डगमगणारी चाल आणि चालकाच्या हालचालीला तत्काळ मिळणारा प्रतिसाद ही ती लक्षणे होत. येथे निव्वळ अश्वशक्ती निर्णायक नसते. हलकी मोटार अल्प शक्तीवरही चपळ होऊ शकते, तर जड मोटार मोठ्या शक्तीनिशीही सुस्त वाटू शकते.

‘अभिजात’ ही संज्ञा मात्र कारखान्यातून मिळत नाही. ती काळाकडून मिळते. एखादी मोटार तीस-चाळीस वर्षांनंतरही चालती राहिली, तिच्या धन्यांनी ती जपली आणि पुढच्या पिढीने ती ओळखली, तरच ती अभिजात ठरते. थोडक्यात, दुरुस्ती ही अभिजाततेची पूर्वअट आहे. हा मुद्दा पुढील तुलनेत मध्यवर्ती आहे.

औद्योगिक पार्श्वभूमी :

स्वातंत्र्यानंतरची सुमारे चार दशके भारतीय मोटार उद्योग परवाना पद्धतीच्या चौकटीत वाढला. कोणी, किती आणि कोणत्या मोटारी बनवाव्यात हे शासन ठरवीत असे. अशा व्यवस्थेत हौसेच्या वाहनाला स्थान मिळणे अवघड होते. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर १९९३ साली प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त करण्यात आले. त्यानंतरच्या पाच वर्षांत बाजाराचे चित्र पालटले. एकट्या १९९८ या वर्षात होंडा सिटी, ह्युंदाई सँट्रो, देवू मॅटिझ आणि वर्षाअखेरीस पुण्यात घडलेली टाटा इंडिका या मोटारी भारतीय ग्राहकासमोर आल्या. याच वर्षी सॅन स्टॉर्मही आली. म्हणजेच स्टॉर्म ही मुक्त झालेल्या बाजाराच्या पहिल्या उत्साहाची निर्मिती होती, तर अवंती ही त्या बाजाराने सुमारे दोन दशके पचविल्यानंतरची. दोहोंमधील कालांतर फार मोठे नाही. पण औद्योगिक दृष्टीने ती दोन वेगळी युगे आहेत.

सॅन स्टॉर्म (१९९८) :

रेल्वे इंजिने बनविणाऱ्या बंगळूरूच्या सॅन समूहाने या मोटारीचा प्रकल्प हाती घेतला आणि तिची जुळणी गोव्यात होऊ लागली. दोन दारे, दोन आसने आणि उघडता येणारा टप असे तिचे रूप होते. तिचे आरेखन फ्रान्समधील ‘ल मान्स ग्रुप’कडून करून घेण्यात आले होते. तिच्यात रेनॉ कंपनीचे १,१४९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना, अशी त्या काळच्या लहान युरोपीय मोटारींसारखीच तिची रचना होती. गिअर पाच होते आणि मोटारीचे कवच फायबर ग्लासचे होते.

तत्कालीन परिस्थितीत ६० अश्वशक्ती ही अगदीच किरकोळ नव्हती. रस्त्यांवर सर्वाधिक दिसणाऱ्या मारुती ८०० ची शक्ती सुमारे ३७ होती, तर नव्याने आलेल्या सँट्रोची सुमारे ५५. तथापि त्याच वर्षी आलेल्या होंडा सिटीचे मोठे इंजिन सुमारे १०० अश्वशक्तीचे होते आणि ती चार-पाच माणसांना सावलीत बसवून नेणारी मोटार होती. स्टॉर्मचे आकर्षण म्हणूनच आकड्यांत नव्हते. ते उघड्या टपात, हलक्या शरीरात आणि गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यांना शोभणाऱ्या मोकळेपणात होते. ती वेगाची मोटार होण्यापेक्षा रमतगमत जाण्याची मोटार होती.

डीसी अवंती (२०१२-२०१५) :

मोटारींच्या रूपबदलासाठी प्रसिद्ध असलेले मुंबईचे आरेखक दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेने अवंतीची निर्मिती केली. २००४ च्या ‘टारझन द वंडर कार’ या हिंदी चित्रपटातील मोटार याच संस्थेने घडविली होती. दुसऱ्याच्या मोटारीला नवा साज चढविण्याकडून स्वतःची मोटार बनविण्याकडे जाण्याचे पाऊल म्हणजे अवंती. जानेवारी २०१२ मध्ये नवी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती प्रथम मांडण्यात आली आणि पुढे पुण्याजवळ तिचे उत्पादन सुरू झाले. तिची किंमत सुमारे ३६ लाख रुपये होती.

अवंतीचे इंजिनही रेनॉचेच होते. मात्र ते १,९९८ घन सेंटिमीटरचे, टर्बोचार्जर असलेले, सुमारे २५० अश्वशक्तीचे व ३४० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे होते. युरोपात रेनॉच्या मेगान आरएस या वेगवान मोटारीत वापरले गेलेले हे इंजिन अवंतीत चालकाच्या पाठीमागे, मागील आसाच्या पुढे बसविले होते आणि त्याची शक्ती मागील चाकांना मिळत होती. गिअर सहा होते. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर संमिश्र द्रव्याचे कवच चढविलेले होते.

तौलनिक विवेचन :

१) इंजिन व शक्ती : स्टॉर्मच्या इंजिनातून प्रत्येक लिटरमागे सुमारे ५२ अश्वशक्ती मिळते, तर अवंतीच्या इंजिनातून सुमारे १२५. क्षमता पावणेदोन पटींहून कमी वाढली असताना एकूण शक्ती चौपटीहून अधिक झाली, याचे प्रमुख कारण टर्बोचार्जर होय. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. साध्या इंजिनात ती वाया जाते. टर्बोचार्जरमध्ये हे वायू एक चक्र फिरवितात आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक, असा हा क्रम आहे. या लाभाची किंमतही मोजावी लागते. उष्णता वाढते, वंगण शुद्ध व योग्य प्रतीचे लागते आणि दुरुस्तीसाठी साध्या मिस्त्रीचे कसब पुरेसे ठरत नाही.

२) इंजिनाची जागा : एका काठीच्या टोकाला वजन बांधून ती मध्यावर धरून फिरवून पाहावी आणि नंतर तेच वजन काठीच्या मध्याजवळ बांधून ती फिरवावी. दुसऱ्या वेळी काठी कितीतरी सहज फिरते. अवंतीसारख्या मध्य-इंजिन मोटारीचे तत्त्व हेच आहे. वजन दोन्ही आसांच्या मध्ये असल्याने मोटार वळणावर चटकन दिशा बदलते. स्टॉर्ममध्ये इंजिन पुढे असल्याने हा लाभ नाही. परंतु झाकण उघडले की इंजिन समोर दिसते आणि हाताला लागते. चालविण्याची सोय एका बाजूला आणि दुरुस्तीची सोय दुसऱ्या बाजूला, अशी ही निवड आहे.

३) कवच : दोन्ही मोटारींनी पोलादी पत्र्याचे कवच टाळले, यामागे निश्चित अर्थशास्त्र आहे. पत्र्याला आकार देण्यासाठी प्रचंड प्रेस आणि प्रत्येक भागासाठी स्वतंत्र डाय लागतात. त्यांवरील कोट्यवधी रुपयांचा खर्च लाखो मोटारींवर वाटला गेला तरच परवडतो. फायबर ग्लासच्या पद्धतीत साच्यावर काचतंतूंची चटई पसरून त्यावर राळ व तिला घट्ट करणारे रसायन लावतात, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात आणि कवच घट्ट झाल्यावर साच्यातून सोडवून घासून घेतात. भांडवल थोडे, मजुरी अधिक. त्यामुळे अल्प संख्येत मोटारी बनवू पाहणाऱ्याला ही पद्धत सोयीची ठरते. किंबहुना हाच भाग या दोन्ही मोटारींत खऱ्या अर्थाने येथील हातांनी घडला. कवच फुटल्यास गोव्यातील होड्या बांधणारा कारागीरही ते सांधू शकेल. पहिल्या निकषावर दोन्ही मोटारी अंशतः उतरतात, त्या या कारणाने.

४) स्पर्धक : स्टॉर्मला तिच्या काळात त्याच जातीचा स्पर्धक जवळपास नव्हता, पण तिला हवा असलेला ग्राहकही विरळच होता. कुटुंबाची पहिली मोटार घेणाऱ्या समाजात दोन आसनांची मोटार ही दुसरी किंवा तिसरी मोटार असावी लागते. अवंतीच्या काळापर्यंत असा ग्राहकवर्ग तयार झाला होता, परंतु त्याच्यासमोर पर्यायही उभे होते. २०१७ साली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही २३० अश्वशक्तीची चार दारांची मोटार सुमारे २५ लाख रुपयांत उपलब्ध झाली. अवंतीइतके देखणे रूप तिला नव्हते. मात्र मोठ्या कंपनीचे सेवाजाळे तिच्या पाठीशी होते.

‘परके हृदय’ हे कारण पुरेसे आहे काय?

वरील तुलनेतून एक साम्य ठळकपणे पुढे येते. सुमारे दीड दशकाच्या अंतराने, दोन वेगळ्या संस्थांनी, दोन वेगळ्या प्रकृतीच्या मोटारी बनविल्या. पण दोहोंचे हृदय एकाच फ्रेंच कंपनीचे होते. यावरून ‘शरीर भारतीय आणि हृदय परके, म्हणून या मोटारी टिकल्या नाहीत’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. स्वदेशीच्या परंपरेत वाढलेल्या आपणा सर्वांना तो पटण्यासारखाही आहे. परंतु मोटारींचा इतिहास या निष्कर्षाला दुजोरा देत नाही.

फ्रान्समधील अल्पीन कंपनीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. दिएप या बंदराच्या गावी रेनॉची विक्री करणारे झाँ रेदेले यांनी १९५५ साली ती स्थापन केली. १९६२ ते १९७७ या काळात बनलेली तिची ए-११० ही मोटार आज जगभर अभिजात मानली जाते. तिचे कवच फायबर ग्लासचे होते आणि इंजिन रेनॉचे! म्हणजे घडणीचे सूत्र स्टॉर्म व अवंती यांच्यासारखेच, एका छोट्या उत्पादकाने मोठ्या उत्पादकाचे इंजिन उसने घेण्याचे. तरीही अल्पीनने १९७३ साली जागतिक रॅली स्पर्धेचे उत्पादकांसाठीचे पहिले अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षी रेनॉने ती कंपनी ताब्यात घेतली. इंग्लंडच्या लोटसनेही दीर्घकाळ इतरांची इंजिने वापरली आणि मॉर्गननेही. तेव्हा उसने हृदय हा दोष नव्हे.

मग फरक कोठे आहे? अल्पीनचे बरेचसे यांत्रिक भाग रेनॉ ८ या सामान्य कौटुंबिक मोटारीचे होते. ती मोटार फ्रान्सच्या गावोगावी धावत होती. त्यामुळे अल्पीनची क्लचप्लेट, पंप किंवा ब्रेकचा भाग हवा असल्यास तो कोपऱ्यावरच्या रेनॉ विक्रेत्याकडे मिळे आणि तो बसविणारा मिस्त्री रोज तेच काम करीत असे. विलक्षण मोटारीच्या पोटात नेहमीचे, ओळखीचे यंत्र होते. याउलट १९९८ साली रेनॉ कंपनी भारतात मोटारी विकत नव्हती. महिंद्राबरोबरच्या भागीदारीतून तिची लोगान ही मोटार नाशिकला बनू लागली ती २००७ साली, आणि तिचे इंजिनही स्टॉर्मपेक्षा वेगळे होते. अवंतीच्या काळात रेनॉ भारतात स्थिरावली होती. परंतु अवंतीत वापरलेले इंजिन तिच्या भारतात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मोटारीत नव्हते. म्हणजे स्टॉर्म असो वा अवंती, तिच्या इंजिनाला या देशात दुसरे भावंड नव्हते. ज्या यंत्राला भावंड नाही, त्याचे सुटे भाग दुकानात नसतात, त्याचा सराव मिस्त्रीच्या हाताला नसतो आणि त्याच्या खोडीही कोणाला ठाऊक नसतात.

अलिबागची चिंकारा : एक उलट उदाहरण

हेच तत्त्व महाराष्ट्रातील आणखी एका प्रयोगातून पडताळून पाहता येते. अलिबागजवळ कार्ले खिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या संस्थेने १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर उघडी, दोन आसनी, अगदी हलकी रोडस्टर बनविली. तिच्यात वापरलेले १.८ लिटरचे इंजिन मूळचे जपानच्या इसुझू कंपनीचे. परंतु हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसा आणि अँबेसेडर या मोटारींमध्येही होते. अँबेसेडर शासकीय कार्यालयांत होती आणि टॅक्सीतळांवरही होती. तिचे इंजिन उघडून बसविणारे हात प्रत्येक जिल्ह्याच्या गावी होते. चिंकाराही मोठ्या संख्येने विकली गेली असे नाही, त्यामुळे बाजारातील यशाचे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहता येणार नाही. येथे तिचे महत्त्व एवढेच की, जपानी कुळाचे इंजिन दीर्घ वापराने येथलेच झाले होते, आणि चिंकाराने परक्या हृदयाऐवजी हे रुळलेले हृदय निवडले.

यावरून ‘स्वदेशी यंत्र’ या संकल्पनेचा एक व्यवहार्य अर्थ हाती लागतो. यंत्राचा जन्म कोठे झाला यापेक्षा ते कोठे दुरुस्त होते, यावर त्याचे स्वदेशीपण अधिक अवलंबून असते. शिवणयंत्र परदेशातून आले. परंतु आज वर्धा जिल्ह्यातील लहानशा बाजारगावीही ते उघडून, तेल घालून, नवा भाग बसवून देणारा कारागीर भेटतो. त्या यंत्राला आता कोणी परके म्हणत नाही.

नियमांचा बदलता काळ :

दुरुस्तीबरोबरच आणखी एक घटक विचारात घेतला पाहिजे. २००० सालापासून भारतात वाहनांच्या धुरासंबंधीचे नियम टप्प्याटप्प्याने कठोर होत गेले. एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मोटारींना टकरीच्या कसोट्याही अनिवार्य झाल्या. हे नियम सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता यांसाठी आवश्यकच आहेत. मात्र स्वतःचे इंजिन नसलेल्या छोट्या उत्पादकाला प्रत्येक टप्प्यावर इंजिन पुरविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. पुरवठादाराने त्या इंजिनाची सुधारित आवृत्ती दिली नाही, तर मोटारीचा सांगाडा, गिअरबॉक्स, थंडाव्याची व्यवस्था असे सर्वच नव्याने योजावे लागते. ज्या इंजिनावर देशातील लाखो मोटारी अवलंबून आहेत, त्याची सुधारणा मोठा उत्पादक स्वतःच्या गरजेपोटी करतोच. ज्या इंजिनाला येथे भावंड नाही, त्याच्यासाठी हा खर्च कोणी करीत नाही. म्हणजे रुळलेल्या इंजिनाचा लाभ गॅरेजपुरता मर्यादित नसून नियमांच्या कसोटीलाही तो उपयोगी पडतो.

निकषांवर मूल्यमापन :

आरंभी मांडलेल्या तीन प्रश्नांकडे आता परत येता येईल.

येथे तयार होण्याच्या प्रश्नावर दोन्ही मोटारी अर्ध्या उतरतात. कवच व जुळणी येथील आणि इंजिन बाहेरचे. आरेखनाच्या बाबतीत मात्र अवंती एक पाऊल पुढे आहे. स्टॉर्मचे रूप फ्रान्समध्ये ठरले, अवंतीचे मुंबईत. दीड दशकात भारतीय आरेखकाचा आत्मविश्वास किती वाढला याची ही खूण मानावयास हरकत नाही.

टिकाऊपणाच्या प्रश्नावर स्टॉर्मची साधी रचना तिच्या बाजूने आहे. टर्बोचार्जर नसलेले लहान इंजिन आणि न गंजणारे कवच असल्याने ती जपणे तुलनेने सोपे आहे. अवंतीची रचना अधिक कार्यक्षम, परंतु अधिक गुंतागुंतीची आहे.

दुरुस्तीच्या प्रश्नावर मात्र दोन्ही मोटारी अपुऱ्या पडतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच त्यांच्या अल्पायुष्याचे सर्वांत महत्त्वाचे अंतर्गत कारण आहे. ग्राहकांची अल्प संख्या, किंमत, रस्ते व गतिरोधक ही कारणे खरी आहेत. परंतु ती अशा सर्वच मोटारींना लागू होतात. दुरुस्तीचा प्रश्न मात्र निर्मात्याच्या निवडीतून निर्माण झाला होता.

निष्कर्ष :

१) भारतात स्पोर्ट्‌स मोटारी बनल्याच नाहीत ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. गोवा व महाराष्ट्र या प्रदेशांत त्यांचे गंभीर प्रयत्न झाले.

२) या प्रयत्नांत आरेखन व कवच यांबाबत येथील कारागिरी सिद्ध झाली. इंजिनाबाबत मात्र परावलंबन कायम राहिले.

३) अल्पीनच्या उदाहरणावरून असे दिसते की, उसने इंजिन हे अपयशाचे कारण नसते. ज्याला देशात भावंड नाही असे उसने इंजिन हे मात्र अपयशाचे कारण होऊ शकते.

४) यंत्राचे स्वदेशीपण त्याच्या जन्मस्थानापेक्षा त्याच्या दुरुस्तीच्या सोयीवरून ठरविणे अधिक वास्तववादी आहे. १९२९ च्या स्पर्धेतील देखभालीची अट म्हणूनच आजही मार्गदर्शक ठरते.

या निष्कर्षांचा संबंध केवळ हौशी मोटारींशी नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या रूपाने तोच प्रश्न आता पुन्हा आपल्या दारात उभा आहे. महिंद्रा समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिना या कंपनीने २०१९ साली मांडलेली बत्तिस्ता ही विजेरी स्पोर्ट्‌स मोटार इटलीत बनते आणि तिचे विद्युत तंत्र क्रोएशियाच्या रिमॅक कंपनीचे आहे. मालकी भारतीय असली तरी यंत्राचे हृदय पुन्हा दुसऱ्याचेच आहे. इंजिनाची जागा बॅटरी व मोटर यांनी घेतली, तरी ती उघडणार कोण, तपासणार कोण आणि तिचा बिघडलेला भाग बदलणार कोण, हे प्रश्न बदलत नाहीत.

या संदर्भात महाविद्यालयांची जबाबदारी विशेष आहे. विज्ञान व अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात निर्मितीला जी प्रतिष्ठा आहे ती दुरुस्तीला नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थी यंत्र चालवितो, त्याची आकृती काढतो, परंतु बिघडलेले यंत्र उघडून दोष शोधण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. वास्तविक गॅरेजमधील जाणत्या मिस्त्रीजवळ असलेले ज्ञान हेही ज्ञानच आहे. ते लिहिले गेलेले नाही, एवढेच. पदार्थविज्ञान, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्या जिल्ह्यातील गॅरेजांचे सर्वेक्षण हाती घेतले, कोणत्या यंत्राचा कोणता भाग येथे दुरुस्त होतो व कोणता बाहेर पाठवावा लागतो याची नोंद केली, तर तो विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होईल आणि यंत्रांच्या स्वदेशीपणाचा एक खरा नकाशाही हाती येईल.

‘आपल्या देशात स्पोर्ट्‌स मोटार का बनत नाही?’ या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला आता असे उत्तर देता येईल की, मोटार बनविणारे हात आपल्याकडे आहेत. ती तीस वर्षे चालती ठेवणारी व्यवस्था उभी करणे बाकी आहे, आणि त्या कामाची सुरुवात दिल्लीच्या प्रदर्शनापेक्षा जिल्ह्याच्या गावातील गॅरेजात आणि महाविद्यालयाच्या कर्मशाळेत होण्याची शक्यता अधिक आहे.